कवळीखालचा रंग

भाईंदर किंवा मीरा रोडच्या एखाद्या शाळेत आठवी-नववीच्या वर्गाला विचारून पाहा, 'तुमच्यापैकी कोणाच्या घरी कवळी आहे?' आधी थोडे हसू पिकेल, मग एकेक हात वर होऊ लागेल. कोणाचे आजोबा गिरगाव-लालबागची खोली सोडून इकडच्या इमारतीत राहायला आलेले, तर कोणाची आजी उत्तनच्या कोळीवाड्यातच जन्मलेली. रात्री पेल्यात ठेवलेले दात या सर्वांनी पाहिलेले असतात. पण पुढचा प्रश्न विचारला की वर्ग गप्प होतो: 'कवळी काढल्यावर आजीची टाळू कशी दिसते? तिचा रंग कोणता?'

हा प्रश्न बहुतेक घरांत कोणी विचारलेलाच नसतो. कवळी बसली, चावता येऊ लागले, की तोंड पाहायचे कारण संपले असे आपण समजतो. दात नाहीत म्हणजे दंतवैद्याचेही काम नाही, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे. कवळीखाली आणि तिच्या आसपास जे रंग उमटतात, त्यांतले काही केवळ चहाचे डाग असतात, काही बुरशीची खूण असतात, काही जन्मापासूनचे असतात आणि एखादा कर्करोगाची पहिली पायरी असतो. गंमत अशी, की सर्वांत धोक्याचे रंग सुरुवातीला मुळीच दुखत नाहीत. म्हणून ते ओळखायला डोळे वापरावे लागतात.

निरीक्षण करून कारणाचा माग कसा काढायचा, याचा हा उत्तम नमुना आहे. त्यासाठी चार साधे प्रश्न पुरतात. रंग कवळीवर आहे की तोंडात? तो पुसला जातो का? त्याची कड कवळीच्या कडेशी जुळते का? आणि दोन आठवड्यांनंतरही तो तसाच आहे का? याच क्रमाने जाऊ.

पहिला प्रश्न: रंग कवळीवर की तोंडात?

आजची नेहमीची कवळी अ‍ॅक्रिलिकची असते. दुकानांच्या नावाच्या पारदर्शक पाट्या ज्या प्लॅस्टिकच्या असतात, त्याच कुळातले हे प्लॅस्टिक. त्याचे रासायनिक नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. दंतवैद्याच्या प्रयोगशाळेत गुलाबी भुकटी आणि एक उग्र वासाचा द्रव एकत्र कालवून लगदा करतात, तो साच्यात भरतात आणि गरम पाण्यात ठेवून घट्ट करतात. भुकटी म्हणजे आधीच तयार असलेले बहुवारिक, तर द्रव म्हणजे एकवारिक. उष्णतेने द्रवातील लहान रेणू एकमेकांत गुंफले जाऊन लांब साखळ्या बनतात. हिरडीसारखा गुलाबी रंग भुकटीतच मिसळलेला असतो. काही वेळा रक्तवाहिन्यांचा भास व्हावा म्हणून त्यात लाल नायलॉनचे बारीक धागेही टाकतात.

हे प्लॅस्टिक १९३० च्या दशकात दंतवैद्यकात आले. त्याआधी सुमारे पाऊण शतक कवळ्या गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या असत. मुळात काळपट-तपकिरी असलेल्या या रबराला लाली आणण्यासाठी त्यात हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड, मिसळत. ते रबर अपारदर्शक असे आणि वास व लाळ शोषून घेई. त्या मानाने अ‍ॅक्रिलिक फारच स्वच्छ. तरीही ते काचेसारखे अभेद्य नाही. पाण्यात राहिले की ते आपल्या वजनाच्या एक-दोन टक्क्यांपर्यंत पाणी शोषून घेते आणि पाण्याबरोबर रंगही हळूहळू आत शिरतात. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे आणि ओरखडे असतात. कवळीची बाहेरची बाजू घासून गुळगुळीत केलेली असते, पण टाळूला टेकणारी बाजू मुद्दाम तशीच ठेवतात. ती घासली तर टाळूशी जुळणारा आकार बिघडेल आणि कवळी सैल होईल. ही खरखरीत बाजू पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

डाग पाडणारे पदार्थ आपल्या रोजच्या खाण्यापिण्यातलेच आहेत. चहातील टॅनिन तपकिरी थर चढवते. हळदीतील कर्क्युमिन पिवळे करते. विड्याचा लाल रंग मात्र पानाचा नसतो: काथ आणि सुपारी यांतील द्रव्यांचे चुन्याच्या अल्कधर्मी माध्यमात ऑक्सिडीकरण होऊन तो तयार होतो आणि कवळीच्या खाचांत जाऊन बसतो. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड; तिने काळपट थर येतो. काही औषधी गुळण्यांत क्लोरहेक्सिडीन असते. ते स्वतः रंगीत नाही, पण चहा-कॉफीतील रंगद्रव्यांना पृष्ठभागावर धरून ठेवते. म्हणून अशा गुळण्या करणाऱ्यांच्या कवळीवर तपकिरी डाग लवकर दिसतात. लाळेतील कॅल्शियमचे क्षार साचून कवळीवर कीटणही चढते, आणि कीटणाच्या खडबडीत थरावर सर्व रंग अधिकच पक्के बसतात.

एक अनुभव अनेक घरांत येतो. हळदीने पिवळी पडलेली कवळी कोणी धुण्याच्या सोड्याने घासते आणि ती एकदम लालसर होते. घाबरण्याचे कारण नाही. हळद हा दर्शक आहे. आम्लात व उदासीन माध्यमात पिवळा, अल्कात लाल. हळदीला चुना लावून लाल रंग मिळतो तो याच गुणामुळे. कवळी पाण्याने नीट धुतली की लाली जाते.

असे कवळीवरचे डाग दिसायला वाईट असले तरी स्वतः अपायकारक नसतात. ते एक गोष्ट मात्र सांगतात: जिथे रंगाला थारा मिळतो, तिथे सूक्ष्मजीवांनाही मिळतो.

दुसरा प्रश्न: पुसला जातो का?

आता कवळी बाजूला ठेवून तोंडात पाहू. चांगल्या उजेडात, स्वच्छ ओल्या कापसाने किंवा मऊ फडक्याने डाग हलकेच पुसून पाहावा.

पांढरट, दह्याच्या कवडीसारखा थर पुसला गेला आणि खाली लाल भाग दिसला, तर तो बहुधा कॅन्डिडा या बुरशीचा असतो. कॅन्डिडा आल्बिकान्स हे तिचे पूर्ण नाव. 'आल्बिकान्स' म्हणजे पांढरी होणारी. पाव फुगवणाऱ्या यीस्टची ती दूरची नातेवाईक. निरोगी माणसांपैकीही बऱ्याच जणांच्या तोंडात ती थोड्या संख्येने सुखाने नांदत असते. लाळ, तोंडातील इतर जीवाणू आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिला आवरून धरतात. हा तोल बिघडला की ती फोफावते. मधुमेह काबूत नसणे, प्रतिजैविके बरेच दिवस घेणे, दम्यासाठी स्टेरॉइडचा फवारा ओढून नंतर चूळ न भरणे, तोंड कोरडे पाडणारी औषधे घेणे, ही त्याची नेहमीची कारणे. म्हातारपणी यांतील दोन-तीन एकाच वेळी असणे मुळीच दुर्मीळ नाही.

पांढरा डाग पुसला गेला नाही, तर गोष्ट वेगळी. कवळीची कड सतत घासून घट्टा पडतो, तसा तो असू शकतो. कुदळ मारणाऱ्याच्या तळहातावर घट्टा पडतो तसेच हे. पण तो ल्युकोप्लाकिया, म्हणजे श्वेतचट्टाही असू शकतो, आणि त्यातून पुढे कर्करोग होण्याचा संभव असतो. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. फरक कसा करायचा, ते चौथ्या प्रश्नात पाहू.

काळी जीभही थोडी पुसून पाहण्यासारखी असते. जिभेवरील बारीक धाग्यांसारखे उंचवटे एरवी खाण्याच्या घर्षणाने झिजत राहतात. कवळी नीट बसत नसल्यामुळे केवळ पेज, मऊ भात, चहात बुडवलेली बिस्किटे यांवर राहणाऱ्या माणसाच्या जिभेवर हे घर्षण कमी होते. उंचवटे लांबतात, त्यांत चहा-तंबाखूचे रंग आणि रंगीत जीवाणू अडकतात आणि जीभ तपकिरी किंवा काळी, केसाळ दिसते. पोटासाठी घेतलेल्या काही औषधांत बिस्मथ असते. त्याचा तोंडातील गंधकयुक्त वायूशी संयोग होऊन काळे बिस्मथ सल्फाइड बनते आणि जीभ एका रात्रीत काळी पडू शकते. औषध थांबले की रंगही जातो. जीभ रोज हलकेच घासणे हा या दोन्हींवरचा सोपा उपाय.

तिसरा प्रश्न: कड जुळते का?

आता सर्वांत बोलका पुरावा. टाळूवर गडद लाल भाग आहे आणि त्याची सीमा नेमकी कवळीच्या कडेशी येऊन थांबते, जणू कवळीचा नकाशाच छापला आहे. यालाच कवळीखालचा मुखदाह म्हणतात. कवळी वापरणाऱ्यांत हा अतिशय सामान्य आहे. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत त्याचे प्रमाण १५ पासून ७० टक्क्यांपर्यंत आढळले आहे. १९६२ साली न्यूटन या संशोधकाने त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, मग सगळीकडे पसरलेली लाली, आणि शेवटी टाळूवर उठणारे बारीक दाणे. बहुतेकांना वेदना नसते. म्हणून तो वर्षानुवर्षे तसाच राहतो.

तो वरच्या कवळीखालीच का होतो, खालच्या कवळीखाली क्वचितच का? विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर घालावा. वरची कवळी संपूर्ण टाळू झाकते आणि लाळेच्या पातळ थरामुळे घट्ट चिकटून बसते. त्यामुळे ताजी लाळ आत पोचत नाही, हवा पोचत नाही, जीभ तिथे फिरू शकत नाही. आत अडकलेल्या अन्नातील साखरेपासून जीवाणू आम्ल तयार करतात आणि कॅन्डिडाला आम्ल मानवते. शेजारीच ती न घासलेली खरखरीत बाजू, लपायला भरपूर जागा. खालची कवळी मात्र घोड्याच्या नालाच्या आकाराची, अरुंद आणि हलती असते. तिच्याखालून लाळ सतत वाहते.

अशा वेळी कॅन्डिडा एकटी गुन्हेगार नसते. रात्रंदिवस घातलेली कवळी, सैल झाल्याने होणारे घर्षण आणि अस्वच्छता यांची तिला साथ असते. एक महत्त्वाचा मुद्दा असा, की बुरशीचा मुख्य साठा टाळूपेक्षा कवळीवरच असतो. केवळ टाळूला औषध लावले आणि कवळी तशीच ठेवली, तर आठ-पंधरा दिवसांत लाली परत येते. घरात ढेकूण झाले असता माणसाला मलम लावून खाट तशीच ठेवावी, त्यातला हा प्रकार.

हीच बुरशी ओठांच्या कोपऱ्यांतही दिसते. जुन्या कवळीचे दात झिजले, हाड खाली बसले, की दोन्ही जबडे प्रमाणाबाहेर जवळ येतात, ओठांच्या कडेला घडी पडते आणि ती सतत लाळेने ओली राहते. तिथे लाल भेगा पडतात. लोह किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर त्या अधिकच चिघळतात. जीभ गुळगुळीत आणि तोंड फिकट दिसत असेल, तर रक्त तपासून घेणे शहाणपणाचे.

आता उलटा नकाशा पाहा. बिडी-सिगारेट खूप ओढणाऱ्यांची टाळू धुराच्या उष्णतेने पांढरट होते आणि तीवर लाल ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे टाळूतील छोट्या लाळग्रंथींची सुजलेली तोंडे. पण ओढणाऱ्याच्या तोंडात कवळी असेल, तर तिच्याखालचा भाग चांगला राहतो आणि उघड्या भागावरच बदल होतो. म्हणजे एका रोगात कवळीखाली रंग बदलतो, तर दुसऱ्यात कवळीबाहेर. केवळ कड पाहून कारण बुरशी की धूर, याचा अंदाज बांधता येतो.

कड कवळीशी मुळीच जुळत नसेल, तर कारण कवळीत नसून इतरत्र शोधावे. हिरड्यांवर दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले तपकिरी-काळे पट्टे आपल्याकडे अनेकांना जन्मजात असतात. त्वचेला रंग देणारे मेलॅनिनच ते. तो रोग नव्हे. एका ठिकाणी निळसर-करडा छोटा ठिपका असेल, तर आजोबांना विचारावे, 'इथला दात काढण्याआधी त्यात चांदी भरली होती का?' तथाकथित चांदी म्हणजे पारा, चांदी, कथिल आणि तांबे यांचे मिश्रण. दात काढताना तिचे कण हिरडीत राहिले, तर गोंदल्यासारखा डाग कायमचा उरतो. दात केव्हाच गेला, त्याची खूण राहिली.

चौथा प्रश्न: दोन आठवड्यांनंतरही तसाच?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. टोचणारी कवळी काढून ठेवली, तर घर्षणाची जखम किंवा लाली सहसा दोन आठवड्यांत ओसरते. जी ओसरत नाही, ती कवळीने झाली असे गृहीत धरू नये. 'कवळी लागतेय' या एका वाक्याखाली अनेक घरांत महिनोन्महिने जातात, आणि हाच खरा धोका आहे.

महाराष्ट्रात हा धोका अधिक का, याचे उत्तर आपल्या सवयींत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या पुढाकाराने पुणे जिल्ह्यातील खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासली. या पाहणीचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. डेन्मार्कचे विकृतिशास्त्रज्ञ पिंडबोर्ग हे त्यात सहभागी होते. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातील कर्करोगपूर्व चट्टे यांचा संबंध भारतात एवढ्या मोठ्या प्रमाणावर दाखवणाऱ्या आरंभीच्या कामांपैकी हे एक. आरसा, बॅटरी आणि चिकाटी एवढ्यावर केलेले हे विज्ञान आहे.

आपल्याकडच्या अनेक वृद्ध स्त्रिया लहानपणापासून मशेरी लावतात. दात गेल्यावरही सवय जात नाही. मग ती थेट हिरड्यांवर चोळली जाते. कवळी असेल तर पूड तिच्याखाली अडकून तासन्‌तास त्वचेला चिकटून राहते. सुपारीचा परिणाम निराळा. तिच्यातील द्रव्यांमुळे तोंडाच्या आतील आवरणाखाली कोलॅजनचे तंतू दाट होत जातात. गाल फिकट, संगमरवरी आणि ताठर होतात, तोंड उघडेनासे होते. पूर्वी सहज बसणारी कवळी घालता येईनाशी झाली, ही त्याची एक खूण असू शकते. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण मशेरी आणि सुपारी घरातल्या डब्यातच असतात.

त्यामुळे पुढील गोष्टी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकल्या, तर थांबू नये: न पुसला जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, न भरणारी जखम, हाताला कठीण लागणारी गाठ, वाढत जाणारा किंवा रंग बदलणारा काळा डाग. यांतील लाल मखमली चट्टा पांढऱ्यापेक्षाही घातक. त्याचा तुकडा तपासला असता बहुतेक वेळा पेशींत गंभीर बदल किंवा प्रत्यक्ष कर्करोगच आढळतो. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत निराधार आहे. निदानाचा खात्रीचा मार्ग तोच. मीरा-भाईंदरकरांना पश्चिम रेल्वेने मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय किंवा दादरला उतरून परळचे टाटा स्मारक रुग्णालय गाठता येते. उशीर होतो तो गाडीमुळे नव्हे, न पाहिल्यामुळे.

घरी काय करावे?

रात्री कवळी काढून ठेवावी. टाळूलाही झोप हवी. प्रत्येक जेवणानंतर कवळी धुवावी आणि दिवसातून एकदा मऊ ब्रश व साध्या साबणाने आतली बाजू विशेष काळजीने घासावी. दातांची पेस्ट किंवा राख वापरू नये. त्यांतील कठीण कणांनी ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत बुरशी शिरते. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवावे, म्हणजे हातातून निसटली तरी कवळी फुटत नाही. ती उकळू नये, आकार बिघडतो. कोरडीही ठेवू नये. शोषलेले पाणी गेले की ती किंचित आकसते. हिरड्या, टाळू व जीभ ओल्या फडक्याने पुसाव्यात. मोडलेली कवळी घरगुती डिंकाने चिकटवू नये. कच्च्या दुरुस्तीत न जुळलेला एकवारिक द्रव उरतो आणि काहींच्या तोंडाला त्याची आग होते. लाली दिसली तर बुरशीनाशक औषध वैद्याच्या सल्ल्याने घ्यावे आणि कवळी निर्जंतुक कशी करायची तेही त्यांनाच विचारावे.

वर्गात करून पाहा

नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून अ‍ॅक्रिलिकचे टाकाऊ तुकडे आणा. प्रत्येकाचा अर्धा भाग सँडपेपरने घासा. एक तुकडा दाट चहात, एक हळदीच्या कोमट पाण्यात, एक काथाच्या पाण्यात आणि एक साध्या पाण्यात आठवडाभर ठेवा. पाणी रोज बदला. मग धुऊन घासलेल्या व न घासलेल्या भागांची तुलना करा. हळदीच्या तुकड्यावर धुण्याच्या सोड्याचा थेंब टाका.

पाव करण्याचे यीस्ट साखरेच्या कोमट पाण्यात घालून तासाभराने सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. अंकुर फुटणाऱ्या पेशी दिसतील. कॅन्डिडाच्या पेशीही अशाच वाढतात. तोंडातील नमुने घेऊन वर्गात बुरशी वाढवण्याचा मोह मात्र टाळावा.

आणि एक घरचा अभ्यास द्या. घरातल्या कवळीधारकाच्या परवानगीने, उजेडात, कवळी काढून टाळूचे चित्र काढायचे आणि त्यावर कवळीची कड आखायची. चार प्रश्नांची उत्तरे चित्राखाली लिहायची. बहुतेक चित्रांत काही विशेष नसेल. पण एखाद्या आजीकडे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी नीट पाहिलेले असेल.